अंतर, वेग, वेळ: शाब्दिक उदाहरणातून समीकरण कसं काढायचं

अंतर = वेग × वेळ हे सूत्र सातवीतल्या मुलालाही पाठ असतं. तरी परीक्षेत ‘एक बस सहा वाजता निघाली…’ अशी सुरुवात दिसली की पेन थांबतं. अडचण सूत्राची नसतेच. गाड्या दोन असतात, वेळा दोन असतात आणि सूत्र एकच असतं, मग ‘बरोबर’चं चिन्ह कशाच्या आणि कशाच्या मध्ये टाकायचं, इथे गाडी अडते.

सूत्र म्हणजे समीकरण नव्हे. सूत्राने फक्त तक्त्यातला एक रिकामा रकाना भरतो. समीकरण येतं ते उदाहरणातल्या एका वाक्यातून, आणि ते वाक्य तक्ता भरताना वापरायचं राहून गेलेलं असतं. खालची सगळी पद्धत हे उरलेलं वाक्य शोधण्याची आहे.

इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत मुलाचं पुस्तक हिंदीत किंवा इंग्रजीत असतं. हिंदी पुस्तकातली ‘चाल’ म्हणजेच इथला वेग. उदाहरणंही इंदूरच्या आसपासचीच घेतली आहेत. अंतरं साधारण खरी आहेत, पण हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून पूर्णांकात धरली आहेत.

तक्ता

तीन रकाने आखा: वेग, वेळ, अंतर. जितके प्रवास, तितक्या ओळी. इथे प्रवास म्हणजे एकाच वेगाने कापलेला एक टप्पा. एकच माणूस जाताना एका वेगाने गेला आणि येताना दुसऱ्या, तर माणूस एक असला तरी ओळी दोन.

प्रत्येक ओळीत दोन रकाने उदाहरण वाचून भरायचे. आकडा दिला असेल तर आकडा, नसेल तर क्ष. तिसरा रकाना सूत्राने भरायचा, उदाहरणात पाहून नाही. अंतर हवं तर वेग × वेळ, वेळ हवी तर अंतर ÷ वेग, वेग हवा तर अंतर ÷ वेळ. हा नियम काटेकोर पाळा. तिसऱ्या रकान्याची माहितीही उदाहरणात दिलेली असली तर ती तिथे लिहू नका, बाजूला ठेवा. ‘बरोबर’चं चिन्ह तिलाच लागणार आहे.

एक उदाहरण घेऊ. इंदूर ते भोपाळ १९० किमी. सकाळी ७ वाजता एक कार इंदूरहून भोपाळकडे ताशी ६० किमी वेगाने निघाली. ७:३० वाजता भोपाळहून एक बस इंदूरकडे ताशी ४० किमी वेगाने निघाली. दोघी किती वाजता आणि इंदूरपासून किती अंतरावर भेटतील?

बस निघाल्यापासून भेटेपर्यंतचा वेळ क्ष तास मानू.

| | वेग | वेळ | अंतर |
|---|---|---|---|
| कार | ६० | क्ष + १/२ | ६०(क्ष + १/२) |
| बस | ४० | क्ष | ४०क्ष |

तक्ता भरला, आणि १९० किमी कुठेच वापरले गेले नाहीत. म्हणजे उरलेलं वाक्य तेच: दोघींनी मिळून सगळा रस्ता कापला.

६०(क्ष + १/२) + ४०क्ष = १९०
१००क्ष + ३० = १९०
क्ष = १.६

बस १.६ तास चालली. १.६ तास म्हणजे १ तास ६ मिनिटं नव्हे आणि १ तास ६० मिनिटंही नव्हे. दशांशाचा भाग ६० ने गुणायचा: ०.६ × ६० = ३६. बस १ तास ३६ मिनिटं चालली, म्हणून भेट ९:०६ ला. कार तोवर २.१ तास चालली, म्हणून इंदूरपासून १२६ किमीवर. बसने कापलेले ६४ किमी त्यात मिळवले की १९० पुरे होतात. आष्टा मागे टाकल्यावर, सीहोरच्या अलीकडे ही भेट होते आणि ती नकाशावर पटतेही.

इथे हमखास चुकणारी जागा म्हणजे अर्धा तास कुणाच्या ओळीत घालायचा. ‘उशिरा’ वाचलं की मुलं उशिरा निघालेल्याच्या वेळेत अर्धा तास मिळवतात. जो आधी निघाला तो जास्त वेळ रस्त्यावर आहे, एवढं आधी तोंडाने म्हणा आणि मग लिहा. आणखी एक सवय लावून घ्या: उशिरा निघालेल्याची वेळ क्ष माना, म्हणजे दुसऱ्याच्या ओळीत अधिक चिन्ह येतं. कारची वेळ क्ष मानली तर बसची क्ष − १/२ होते. उत्तर तेच येतं (क्ष = २.१), पण कंस सोडवताना वजा चिन्ह हरवण्याची शक्यता वाढते.

एकक आधी, गणित नंतर

वेग ताशी असेल तर मिनिटांचे तास करूनच तक्त्यात लिहायचे, मधेच नाही. २० मिनिटं म्हणजे ०.२० तास नव्हे, १/३ तास. काही रूपांतरं इतक्यांदा लागतात की पाठ असलेली बरी: १० मिनिटं १/६ तास, १२ मिनिटं १/५, १५ मिनिटं १/४, ४० मिनिटं २/३, ४५ मिनिटं ३/४. अपूर्णांकातच ठेवा. १/३ चं ०.३३ केलं की शेवटी ३९.६ सारखं काहीतरी येतं आणि ते बरोबर की चूक याचा पत्ता लागत नाही.

पाठलाग: दोन अंतरं समान

सरवटे बसस्थानकावरून उज्जैनची बस ६ वाजता ताशी ४० किमी वेगाने सुटली. जेवणाचा डबा घरीच राहिला म्हणून १५ मिनिटांनी कुणीतरी तिथूनच स्कूटरवर ताशी ५० किमी वेगाने मागे निघालं. बस कधी गाठेल?

स्कूटरची वेळ क्ष, बसची क्ष + १/४. अंतरं ५०क्ष आणि ४०(क्ष + १/४). आता उरलेलं वाक्य शोधा. १९० सारखा आकडा इथे नाही. काहींना इथे माहिती अपुरी वाटते, पण ती ‘गाठेल’ या क्रियापदात आहे. गाठणं म्हणजे दोघं एकाच जागी असणं, आणि दोघं एकाच जागेवरून निघालेले असल्यामुळे दोन्ही अंतरं समान.

५०क्ष = ४०(क्ष + १/४)
१०क्ष = १०
क्ष = १ तास

७:१५ ला, ५० किमीवर. इंदूर ते उज्जैन साधारण ५५ किमी, म्हणजे डबा पोचतो.

आता स्कूटरचा वेग ४८ करून पाहा. ४८क्ष = ४०क्ष + १०, क्ष = १.२५ तास, अंतर ६० किमी. समीकरण बिनतक्रार सुटलं, पण बस ५५ किमीवरच उज्जैनला थांबलेली आहे. गाठभेट रस्त्यावर होणार नाही, बसस्थानकात होईल. बस तिथे थांबते हे समीकरणाला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून उत्तर पुन्हा गोष्टीत बसवून पाहावं लागतं.

समोरासमोर येणाऱ्यांचे वेग मिळवायचे आणि पाठलागात वजा करायचे, हा नियम फार जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास तो एकाच श्लोकात सांगितला: उलट दिशांनी जाणाऱ्यांमधलं अंतर गतींच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने जाणाऱ्यांमधलं गतींच्या फरकाने, म्हणजे भेटीचा काळ मिळतो. वरची दोन समीकरणं सोडवताना १०० आणि १० हे सहगुणक आले ते हेच: ६० + ४० आणि ५० − ४०. नियम पाठ असला तर उत्तर दोन ओळींत येतं, मात्र निघण्याच्या वेळा वेगळ्या असल्या की नियम थेट लागू होत नाही. आधी मधलं अंतर दुसरा निघेल त्या क्षणाचं काढावं लागतं. तक्त्यात हे आपोआप होतं.

बेरीज दिली असेल तर ती वाटा

राजवाड्यापासून उज्जैन ५५ किमी. शहरातल्या गर्दीतून ताशी २० किमी, पुढे सांवेर रस्त्याला ताशी ५० किमी. एकूण वेळ १ तास २४ मिनिटं. शहरात किती वेळ गेला?

माणूस एक, वेग दोन, म्हणून ओळी दोन. पहिली वेळ क्ष. दुसरी वेळ ‘एकूण वजा क्ष’, म्हणजे ७/५ − क्ष (२४ मिनिटं = २/५ तास). एकूण वेळ तक्त्यात वापरून झाली. एकूण अंतर उरलं.

२०क्ष + ५०(७/५ − क्ष) = ५५
७० − ३०क्ष = ५५
क्ष = १/२ तास

अर्धा तास शहरात आणि १० किमी. उरलेले ५४ मिनिटांत ४५ किमी. राजवाड्याच्या गर्दीत ताशी २० मिळणं हेही नशीबच, पण उदाहरणात चालून जातं.

बेरजा दोन दिलेल्या असतात, वेळेची आणि अंतराची. एक तक्ता भरायला जाते, दुसरी समीकरणाला. दोन्ही तक्त्यात खर्च केल्या तर शेवटी क्ष = क्ष किंवा ० = ० असं काहीतरी उरतं. असं झालं म्हणजे एकच माहिती दोनदा वापरली.

अंतर अज्ञात असेल तर वेळा जुळवा

आतापर्यंत क्ष ही वेळ होती आणि समीकरण अंतरांचं. बऱ्याच उदाहरणांत उलट असतं: वेग दिलेले, अंतर विचारलेलं, आणि उरलेलं वाक्य वेळेबद्दलचं.

लोकमान्य नगरातून शाळेत जाणारा मुलगा ताशी ४ किमी चालला तर ५ मिनिटं उशीर होतो, ताशी ५ किमी चालला तर ४ मिनिटं आधी पोचतो. शाळा किती लांब?

अंतर क्ष. वेळा क्ष/४ आणि क्ष/५. उरलेलं वाक्य उशीर आणि लवकर याबद्दलचं आहे. दोन वेळांतला फरक किती? इथे निम्मी मुलं ५ − ४ = १ मिनिट लिहितात. एक घंटेनंतर ५ मिनिटांनी पोचतो, दुसरा घंटेआधी ४ मिनिटं. घंटा मध्ये आहे. आडवी रेघ काढून त्यावर घंटेची खूण करा, फरक ९ मिनिटं आहे हे डोळ्यांना दिसतं. दोन्ही वेळा उशीरच झाला असता, किंवा दोन्ही वेळा लवकर पोचला असता, तर मात्र वजाबाकी.

क्ष/४ − क्ष/५ = ९/६०
क्ष/२० = ३/२०
क्ष = ३ किमी

पडताळा: ४ च्या वेगाने ४५ मिनिटं, ५ च्या वेगाने ३६. फरक ९.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे कमी वेगाची वेळ मोठी असते. क्ष/५ − क्ष/४ लिहिलं तर डावी बाजू ऋण येते आणि अंतर −३ किमी निघतं. मग बरीच मुलं उत्तरातलं वजा चिन्ह पुसून टाकतात. गुण मिळतातही कधी, पण वर्गसमीकरणात ही चलाखी उलटते.

याच जातीचा एक जुना सापळा. इंदूरहून महेश्वरला ९० किमी, उताराने ताशी ४५. परतताना जाम दरवाज्याचा घाट चढायचा म्हणून ताशी ३०. सरासरी वेग? (४५ + ३०) ÷ २ = ३७.५ हे उत्तर चुकीचं. जायला २ तास, यायला ३; १८० ÷ ५ = ३६. हळू चालण्यात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते. वेगांची सरळ सरासरी चालते ती फक्त दोन्ही वेगांनी सारखाच *वेळ* प्रवास केला असेल तर. ‘जाऊन-येऊन ५ तास लागले, अंतर काढा’ असं आलं तर समीकरण क्ष/४५ + क्ष/३० = ५. लसावि ९० ने गुणलं की २क्ष + ३क्ष = ४५०.

वेग अज्ञात: इथे वर्गसमीकरण येतं

दहावीत नेहमी विचारला जाणारा प्रकार. १८० किमीचा प्रवास; वेग ताशी १५ किमी जास्त असता तर १ तास कमी लागला असता. मूळ वेग?

दुसरी ओळ झालेल्या प्रवासाची नाही, ‘असता तर’च्या प्रवासाची आहे, तरीही ती पूर्ण ओळच आहे. वेग क्ष आणि क्ष + १५. अंतर दोन्हीकडे १८०. वेळा १८०/क्ष आणि १८०/(क्ष + १५). मोठी वेळ वजा लहान वेळ:

१८०/क्ष − १८०/(क्ष + १५) = १

क्ष(क्ष + १५) ने सगळ्या पदांना गुणा. उजवीकडचा १ सुद्धा गुणला जातो. तो विसरणं ही इथली नेहमीची चूक.

१८०(क्ष + १५) − १८०क्ष = क्ष² + १५क्ष
२७०० = क्ष² + १५क्ष
क्ष² + १५क्ष − २७०० = ०
(क्ष + ६०)(क्ष − ४५) = ०

वेग ऋण नसतो, म्हणून ताशी ४५. आता गंमत पाहा: कुणी वेळा उलट्या क्रमाने वजा केल्या तर क्ष² + १५क्ष + २७०० = ० मिळतं आणि त्याला वास्तव मूळच नसतं. अवयव पडत नाहीत म्हणून अर्धा तास डोकेफोड करण्याआधी वजाबाकीचा क्रम तपासा.

नदीतली नाव याच साच्यात बसते, फक्त वेगाच्या रकान्यात बेरीज-वजाबाकी येते. महेश्वरपासून मंडलेश्वर नर्मदेत वरच्या अंगाला, साधारण ८ किमी. स्थिर पाण्यात नावेचा वेग ताशी ६ किमी. जायला परतण्यापेक्षा १ तास जास्त लागला, तर प्रवाहाचा वेग?

प्रवाह क्ष. प्रवाहाविरुद्ध वेग ६ − क्ष, प्रवाहाबरोबर ६ + क्ष.

८/(६ − क्ष) − ८/(६ + क्ष) = १
१६क्ष = ३६ − क्ष²
(क्ष + १८)(क्ष − २) = ०

प्रवाह ताशी २ किमी. जायला २ तास, यायला १. क्ष हा ६ पेक्षा लहान यायलाच हवा, नाहीतर नाव वर चढलीच नसती.

रेल्वे आणि फलाट

इथे नवीन काही नाही, दोन गोष्टी सांभाळा. गाडी फलाट ओलांडते तेव्हा अंतर = गाडीची लांबी + फलाटाची लांबी, कारण शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत मोजायचं. खांब किंवा उभा माणूस असेल तर फक्त गाडीची लांबी. आणि लांबी मीटरमध्ये असेल तर ताशी किमीला ५/१८ ने गुणून मीटर प्रति सेकंद करा. १८० मीटरची गाडी ताशी ५४ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, ३० सेकंदांत फलाट ओलांडते: १८० + क्ष = १५ × ३०, फलाट २७० मीटर. पडताळा उदाहरणाच्या शब्दांत घ्यायचा, समीकरणात नाही. समीकरणच चुकलं असेल तर त्यात घातलेलं उत्तर बिनबोभाट जुळतं.

हात बसायला

१. नाव प्रवाहाबरोबर २४ किमी ३ तासांत जाते, तेवढंच अंतर प्रवाहाविरुद्ध ४ तासांत. नावेचा आणि प्रवाहाचा वेग काढा. (दोन अज्ञात घ्या, समीकरणंही दोन मिळतील.)

२. देवास ३६ किमी. समोरून वारा असल्यामुळे सायकलस्वाराचा वेग ताशी ६ किमीने घटला आणि १ तास जास्त लागला. नेहमीचा वेग?

३. १५० मीटर आणि १२० मीटर लांबीच्या दोन गाड्या समोरासमोरून ताशी ६० आणि ४८ किमी वेगाने येतात. एकमेकींना ओलांडायला किती सेकंद?

उत्तरं: १) नाव ७, प्रवाह १ किमी प्रति तास. २) ताशी १८ किमी. ३) ९ सेकंद. तिसऱ्यात १८ किंवा १६.२ आलं असेल तर अनुक्रमे लांबीची बेरीज आणि वेगाची बेरीज नीट पाहा: लांब्या मिळवून २७० मीटर, वेग मिळवून ताशी १०८, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. १६.२ येतं ते फक्त पहिल्याच गाडीचा वेग धरला की, आणि १८ येतं ते २७० ऐवजी लांबी दुप्पट धरली की.